फुटलेली मंडळी आणि संयुक्त ‘मानापमान’

घर फुटतें तेव्हां भांडीं, दागिने, शेत आणि देव यांची वांटणी कशी करावी, हें आपल्या समाजास चांगलें ठाऊक आहे. त्यासाठीं पंच बसतात, याद्या होतात, प्रसंगीं देवापुढें चिठ्ठ्याही टाकल्या जातात. परंतु गाण्याची वांटणी कशी करावी हें मात्र कोणासच ठाऊक नसतें. आमच्या घरीं तो प्रसंग १९७८ सालीं आला. जुन्या जालन्यांतील आमच्या वाड्याच्या वांटण्या झाल्या, तेव्हां थोरले काका तात्या आणि माझे वडील दादा यांनीं सर्व कांहीं तोलून-मापून अर्धें-अर्धें केलें. शेवटीं आजोबांचा ग्रामोफोन तेवढा उरला. त्याचे दोन भाग होण्यासारखे नव्हते. पण हट्टास पेटलेल्या माणसांस तेंही साधतें. यंत्र दादांच्या वांट्यास आलें आणि तबकड्यांची पेटी तात्यांच्या. पुढें तात्या कुंडलिका नदी ओलांडून नव्या जालन्यांत राहावयास गेले. नदीच्या अलीकडे सुई आणि कर्णा, पलीकडे बालगंधर्व! सात वर्षें दोन्ही घरें मुकीं राहिलीं.

या घरगुती गोष्टीचें पुढें काय झालें तें शेवटीं सांगेन. मध्यें जें सांगावयाचें आहे, तें त्या तबकड्यांवरील आवाजाविषयीं आहे. ज्यांचीं गाणीं आम्हीं अशीं दोन घरांत कोंडून ठेविलीं, त्यांनींही एके काळीं आपली मंडळी फोडली होती. आणि पुढें एका रात्रीं ते आपल्या सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याच्या शेजारीं येऊन उभे राहिले होते. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या, राहूं इच्छिणाऱ्या किंवा राहून कंटाळलेल्या प्रत्येक वाचकानें ती हकीकत एकदां तरी नीट समजून घ्यावी, असें मला वाटतें.

एका पंगतीचें घर

मराठी संगीत नाटकाच्या या घराण्याचे मूळ पुरुष म्हणजे कै. बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर. यांचा जन्म १८४३ सालचा, बेळगांवकडील गुर्लहोसूरचा. सरकारी कचेरींत नोकरी करणारा हा गृहस्थ. पुण्यास पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’ हा गायनप्रधान खेळ त्यांच्या पाहण्यांत आला आणि असें कांहीं आपल्या भाषेंत कां होऊं नये, या विचारानें त्यांस पछाडलें, असें सांगतात. त्या ध्यासांतून कालिदासाच्या नाटकाचें संगीत रूप त्यांनीं सिद्ध केलें आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहांत ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणिले. दोन वर्षांनीं ‘सौभद्र’ आलें. त्यापूर्वीं नाटकांत सूत्रधार गाई आणि पात्रें बोलत. आतां पात्रें स्वतःच आपल्या मनींचें सुखदुःख गाऊन दाखवूं लागलीं. बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर १८८२ सालीं या मंडळींत आले, आणि त्यांच्या तेजस्वी आवाजानें किर्लोस्कर मंडळीचें नांव महाराष्ट्रभर झालें.

नाटक मंडळी हा शब्द आज आपण सहज उच्चारतों. पण ती संस्था कशी चाले, हें ध्यानांत घेतल्याखेरीज तिच्या फुटीचें मर्म कळणार नाहीं. ती आजच्यासारखी नटांची तात्पुरती जुळणी नव्हती. ती एक बिऱ्हाड होती. पन्नास-पाऊणशें माणसें गांवोगांव एकत्र हिंडत, एका मुक्कामीं उतरत, एका आचाऱ्याच्या हातचें एका पंगतीस जेवत. लहान मुलें करारानें घेतलीं जात. त्यांचें गाणें, पाठांतर, खाणेंपिणें आणि दुखणेंबाणें सर्व मंडळीच पाही. वर मालक किंवा भागीदार असत. त्यांतील एक कारभार पाही, दुसरा तालमी घेई, तिसऱ्याच्या गळ्यावर सारें उत्पन्न अवलंबून असे. म्हणजे कर्ता पुरुष, मिळवता मुलगा, राबणारी माणसें आणि आश्रित या चारही गोष्टी तेथें होत्या. एकत्र कुटुंबाचे जे गुण तेच तिचे गुण, आणि जे दोष तेच तिचे दोष.

अण्णासाहेब २ नोव्हेंबर १८८५ रोजीं वारले. भाऊराव १३ फेब्रुवारी १९०१ रोजीं, वयाच्या अडतिसाव्या वर्षीं गेले. तरी मंडळी टिकली. शंकरराव मुजुमदार यांच्यासारखे कारभारी आणि नानासाहेब जोगळेकर, गणपतराव बोडस यांच्यासारखे नट तिला लाभले होते. १९०५ सालीं नारायण श्रीपाद राजहंस हा सतरा वर्षांचा मुलगा मंडळींत आला. लोकमान्य टिळकांनीं त्याचें गाणें ऐकून त्यास ‘बालगंधर्व’ म्हटलें, ही आख्यायिका घरोघरीं ठाऊक आहे. शकुंतलेच्या रूपानें हा मुलगा रंगभूमीवर आला आणि भाऊरावांमागें रिकामें झालेलें आसन पुन्हां भरलें.

या एका घराच्या वैभवाचा कळस म्हणजे १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस झालेला ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें, पदांच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, भामिनी बालगंधर्व, धैर्यधर जोगळेकर, लक्ष्मीधर बोडस. त्याच दिवशीं बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली होती. प्रयोग पुढें ढकलावा असें म्हणणाऱ्यांस न जुमानतां त्यांनीं तोंडास रंग लाविला. या गोष्टीचें कौतुक आपण नेहमीं करितों. परंतु मला त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. घर एक होतें, म्हणून एकाचें दुःख झांकून सर्वांची लाज राखावी असें त्यांस वाटलें. जें घर आपलें वाटत नाहीं, त्यासाठीं असें कोणी करीत नाहीं.

फूट

त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत तेंच घर फुटलें. जोगळेकर १९११ सालींच निवर्तले. ते मधला दुवा होते. थोरल्यांस मान देणारे आणि धाकट्यांस जवळचे. असा माणूस घरांतून गेला म्हणजे ज्या कुरबुरी माजघरांत जिरत, त्या ओसरीवर येतात. मुजुमदारांच्या कारभाराविषयीं तरुण मंडळींत असंतोष वाढला आणि १९१३ सालीं बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे तिघे बाहेर पडले. त्यांनीं ‘गंधर्व नाटक मंडळी’ स्थापन केली.

दोष कोणाचा, याचा निवाडा शंभर वर्षांनंतर करण्यांत अर्थ नाहीं. थोरल्यांचें म्हणणें असणार कीं, मुलांस लहानाचें मोठें आम्हीं केलें. धाकट्यांचें म्हणणें असणार कीं, तिकिटें आमच्या गळ्यावर विकलीं जातात आणि चाव्या दुसऱ्याच्या कमरेस. दोन्ही म्हणणीं खरीं असतात. म्हणूनच तर अशीं भांडणें मिटत नाहींत. खोट्या म्हणण्याचा निकाल लागतो, दोन खऱ्या म्हणण्यांचा लागत नाहीं.

फुटीस एकदां वाट मिळाली म्हणजे ती एका ठिकाणीं थांबत नाहीं. गंधर्व मंडळींतून थोड्याच वर्षांत टेंबे निराळे झाले आणि त्यांनीं ‘शिवराज’ मंडळी काढली. इकडे मूळच्या किर्लोस्कर मंडळींत दीनानाथ मंगेशकर नांवाचा नवा गळा तयार झाला होता. पण १९१८ सालीं दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे हेही बाहेर पडले व त्यांनीं ‘बळवंत संगीत मंडळी’ उभी केली. नांव मात्र त्यांनीं ठेविलें मूळ पुरुषाचें, बळवंतरावांचें! घर सोडणारीं माणसेंही आजोबांचें नांव सोडीत नाहींत, तसेंच हें झालें.

आतां न्यायानें हेंही सांगितलें पाहिजे कीं, या फुटींनीं कलेचें सर्वस्वीं नुकसान झालें असें नाहीं. गंधर्व मंडळीनें १९१६ सालीं ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आणिलें. भास्करबुवा बखल्यांच्या चालींनीं त्यांत जें गाणें आलें, तें घराघरांतील बायकामुलांच्या तोंडीं बसलें. राम गणेश गडकऱ्यांचेंच उदाहरण घ्या. त्यांचा ‘पुण्यप्रभाव’ किर्लोस्कर मंडळीनें केला, ‘एकच प्याला’ गंधर्व मंडळीनें आणि ‘भावबंधन’ बळवंत मंडळीनें. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं वारले. त्यानंतर महिनाभरानें ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग बडोद्यास झाला. एकाच लेखकाच्या तीन नाटकांस तीन घरें मिळालीं. एकाच वाड्यांत तीं सारीं मावलीं असतीं कीं नाहीं, कोण जाणे. वडाची पारंबी जमिनीस टेकून निराळें खोड धरते, त्यास कोणी झाड मोडलें असें म्हणत नाहीं.

परंतु याची दुसरी बाजूही आहे. प्रत्येक नव्या बिऱ्हाडास नवे पडदे, नवे पोशाख, नवे साजिंदे आणि नवें कर्ज लागतें. गंधर्व मंडळीनें वैभवाची तर परमावधि केली. खरे शालू, खरीं अत्तरें, तबल्यास उस्ताद अहमदजान थिरकवा! १९२० सालच्या ‘द्रौपदी’वर पैसा पाण्यासारखा ओतला गेला आणि मंडळी लाखावर रुपयांच्या कर्जांत बुडाली. आणि मूळचें किर्लोस्करांचें घर? त्याचे तरुण एकामागून एक निघून गेल्यावर तें पुढें कधींच पूर्वीसारखें उभें राहिलें नाहीं. वांटणी झाल्यावर धाकट्यांचे संसार फुलतात, हें आपण पाहतों. जुन्या वाड्याच्या भिंतींस कोणत्या वर्षीं ओल लागली, हें मात्र सहसा कोणी टिपून ठेवीत नाहीं.

पलीकडचा आवाज

याच काळांत दुसऱ्या एका वाटेनें आणखी एक गवई वर येत होता. केशवराव भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजीं कोल्हापुरास, गरिबींत झाला. लहानपणींच ते ‘स्वदेशहितचिंतक’ मंडळींत गेले आणि देवलांच्या ‘शारदा’ नाटकांतील शारदेच्या भूमिकेनें पोरवयांतच लोकांचे लाडके झाले. पुढें तेही त्या मंडळींतून बाहेर पडले आणि १ जानेवारी १९०८ रोजीं हुबळीस त्यांनीं ‘ललितकलादर्श’ मंडळी काढली. तेव्हां त्यांचें वय सतरा वर्षांचें! ज्या वयांत आपण मुलास बाजारांतून भाजी आणावयास पाठवितांना दोनदां विचार करितों, त्या वयांत त्यांनीं एवढ्या माणसांच्या पोटाचा भार अंगावर घेतला. रामकृष्णबुवा वझ्यांच्या चाली, मामा वरेरकरांचीं नवीन विचारांचीं नाटकें आणि केशवरावांचा तिन्ही सप्तकांत वीज खेळवणारा गळा यांमुळें ‘ललितकला’ थोड्याच वर्षांत गंधर्व मंडळीच्या बरोबरीस आली.

मग व्हावयाचें तेंच झालें. नटांपेक्षां प्रेक्षकांतच अधिक चुरस लागली. एका ओसरीवर गंधर्वांचे भक्त, दुसरीवर केशवरावांचे. एकाच्या गाण्यांतलें मार्दव थोर कीं दुसऱ्याची तडफ थोर, यावर चहाच्या बशा आदळल्या जात. जावाजावांचें भांडण पुष्कळदां त्यांच्यापेक्षां शेजारणींसच अधिक हवें असतें, त्यांतलाच हा प्रकार.

एक रात्र

१ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्य टिळक निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ स्वराज्य फंड उभारण्याचें ठरलें आणि महात्मा गांधींनीं देशाकडून एक कोट रुपये मागितले. मुंबईपासून खेड्यापाड्यांपर्यंत लोक झोळ्या घेऊन हिंडूं लागले. अशा वेळीं गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श यांनीं मिळून एक प्रयोग करावा व त्याचें उत्पन्न फंडास द्यावें, अशी कल्पना निघाली. दोघांनींही ती मान्य केली. बालगंधर्व तेव्हां स्वतः कर्जांत होते; तरीही केली.

८ जुलै १९२१. ऐन पावसाळा. मुंबईचें बालीवाला नाट्यगृह. एका आसनास शंभर रुपयांपर्यंत दर, आणि तरीही जागा मिळेना. भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर केशवराव भोसले. इतकीं वर्षें ज्यांचीं नांवें एकमेकांविरुद्ध घेतलीं गेलीं, तीं एका जाहिरातींत शेजारीं-शेजारीं छापलीं गेलीं.

येथें एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. एकत्र येण्यासाठीं त्यांनीं नाटक कोणतें निवडलें? गंधर्व मंडळीनें फुटीनंतर मिळविलेलें ‘स्वयंवर’ नव्हे, किंवा ललितकलेचें एखादें स्वतःचें नाटकही नव्हे. त्यांनीं निवडलें ‘मानापमान’. किर्लोस्करांचें घर एक होतें तेव्हांचें, वांटणीच्या आधींचें नाटक. केशवराव त्या घरचे नव्हते. तरी जोगळेकरांमागें पोरका झालेला धैर्यधर त्या रात्रीं त्यांनीं अंगावर घेतला. आणि नाटकाचा विषय तरी काय? नांवांतच आहे: मान आणि अपमान. धनाच्या गर्वानें गरीब शूराचा अपमान करणारी मुलगी शेवटीं त्याचें मोल ओळखते, एवढीच ती कथा. ज्यांच्यामध्यें मानापमानाचाच काय तो प्रश्न होता, अशा दोघांनीं हीच कथा रंगवावी, हा योगायोग मला तरी फार अर्थपूर्ण वाटतो.

त्या रात्रीं कोण जिंकलें, हा प्रश्न पुढें कित्येक वर्षें विचारला गेला. ज्यांनीं तो प्रयोग पाहिला ते सांगत कीं, एक पद रंगलें कीं पुढचें त्याहून वर जाई. चढाओढ होतीच, ती नाहींशी झाली नव्हती. परंतु एरव्हीं जी चढाओढ दोघांस दोन दिशांस ओढी, तिनेंच त्या रात्रीं दोघांस उंच नेलें. फंडास हजारों रुपये मिळाले आणि महाराष्ट्रास एक आठवण मिळाली. फंडाचा हिशेब केव्हांच पुरा झाला; ती आठवण शंभर वर्षांनंतर अजून खर्च होत आहे.

आणि मग या गोष्टीचा जो शेवट, तो ऐकून प्रत्येकानें क्षणभर थांबावें. ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं केशवराव भोसले वारले. वय अवघें एकतीस. संयुक्त ‘मानापमाना’स तेव्हां अठ्ठ्याऐंशी दिवस झाले होते. ‘यंदा नको, पुढच्या वर्षीं पाहूं’ असें दोघांपैकीं एकानें जरी म्हटलें असतें, तरी तो प्रयोग या जगांत झालाच नसता.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. ललितकलादर्श बापूराव पेंढारकरांनीं सांभाळली. ते १९३७ सालीं गेले. कांहीं काळानें त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनीं ती पुन्हां उभी केली आणि २०१५ सालीं वारेपर्यंत तिचें नांव जागें ठेविलें. बालगंधर्वांनीं कर्ज फेडलें, पुन्हां कर्ज केलें, मंडळी बंद केली, पुन्हां उघडली. १५ जुलै १९६७ रोजीं ते गेले. दोघांच्याही नांवांचीं नाट्यगृहें झालीं. पुण्याचें बालगंधर्व रंगमंदिर १९६८ सालीं सुरू झालें. कोल्हापुरांतील शाहू महाराजांच्या काळचें पॅलेस थिएटर पुढें केशवरावांच्या नांवें ओळखलें जाऊं लागलें. तें ८ ऑगस्ट २०२४ रोजीं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्रीं, आगींत जळालें. आणि दुसऱ्या दिवशीं कलावंत व रसिक त्या राखेपाशीं जमून रडले. तेथें त्या दिवशीं गंधर्वांचे भक्त आणि केशवरावांचे भक्त असा भेद उरला नव्हता.

सातासमुद्रांपलीकडील एक मंडळी

हें सारें आपल्याकडचें आणि जुन्या काळचें, असें कोणी म्हणेल. म्हणून तात्यांच्या नातवानें मला सांगितलेली एक गोष्ट येथें देतों. हा मुलगा कानांस यंत्र लावून जें ऐकतो, त्यास ‘मेटल’ म्हणतात. विजेच्या गिटारी, ढगांच्या गडगडाटासारखा ढोल आणि गर्जनेसारखें गाणें. माझ्या कानांस तें सोसवत नाहीं, हें मीं प्रामाणिकपणें कबूल करितों. परंतु त्यांतील एका मंडळीची कथा ऐकून मीं चकित झालों.

स्वीडन देशांतील गोथेनबर्ग शहरीं १९९० सालीं ‘ॲट द गेट्स’ नांवाची मंडळी निघाली. तींत आंदेर्श आणि योनास ब्योर्लर हे जुळे भाऊ आणि तोमास लिंडबर्ग हा गायक. १९९५ सालीं त्यांची जी तबकडी निघाली, तिनें त्या पंथांत त्यांचें नांव कायम केलें. आणि दुसऱ्याच वर्षीं, यश दाराशीं उभें असतां, मंडळी मोडली! जुळ्या भावांपैकीं एक प्रथम बाहेर पडला. पुढील दहा-अकरा वर्षें ही मंडळी अस्तित्वांतच नव्हती. पण तिची ती एक तबकडी दूर अमेरिकेंतील मुलें घोकीत होतीं. माणसें अबोला धरून बसलीं होतीं आणि त्यांचें काम त्यांच्यामागें वाढत होतें. अखेर २००८ सालीं तीच माणसें पुन्हां रंगमंचावर आलीं, तीं जुनीं गाणीं घेऊन. नवी तबकडी करण्याचें धैर्य व्हावयास आणखी सहा वर्षें लागलीं. पुढें त्यांतला एक भाऊ पुन्हां निघून गेला, पुन्हां परत आला. आणि २०२५ सालीं गायक लिंडबर्ग वारला.

“म्हणजे हे तुमचे केशवरावच झाले कीं, आजोबा,” असें तो मुलगा म्हणाला. मीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. पण त्या दिवसापासून त्याच्या गडगडाटास मीं नांवें ठेवणें सोडलें आहे.

देश निराळा, भाषा निराळी, गाणें तर अगदींच निराळें. तरी परत येण्याची वाट एकच. प्रथम माणसें जुन्या, वांटणीच्या आधींच्या गोष्टीपाशीं येतात. भांडण कोणाचें खरें होतें, हें ठरवून कोणी एकत्र आल्याचें मीं ऐकिलें नाहीं. जें एके काळीं सर्वांचें होतें, तें पुन्हां सर्वांनीं मिळून हातीं घ्यावें, एवढेंच घडतें. भांडणाचा निकाल तसाच पडून राहतो आणि पुढें त्याची कोणास आठवणही राहत नाहीं.

आमच्या जालना जिल्ह्यास तर याचा धडा दुसरीकडून आणावयास नको. घनसावंगी तालुक्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मगांव. बोहल्यावरून निघून गेलेला नारायण कित्येक वर्षांनीं परत आपल्या दारीं येऊन उभा राहिला, आणि दृष्टि गेलेल्या मातेनें त्यास आवाजावरून ओळखलें, ही कथा आमच्या आयाबहिणी आजही डोळ्यांस पदर लावून सांगतात. समर्थ पुन्हां गेले. संसारांत परतले नाहींत. परंतु आईस भेटून गेले. एकत्र येणें म्हणजे एका चुलीवर परत येणें, असेंच कांहीं नाहीं. गंधर्व आणि ललितकला यांनींही त्या रात्रीनंतर आपलीं बिऱ्हाडें एक केलीं नव्हतीं.

यंत्र आणि तबकड्या

आतां आमच्या ग्रामोफोनाची गोष्ट पुरी करितों. १९८५ सालच्या पावसाळ्यांत आमची आजी अंथरुणास खिळली. वांटणींत ती दादांकडे राहिली होती. मधल्या काळांत, १ मे १९८१ रोजीं, जालना औरंगाबादेपासून निराळा होऊन स्वतंत्र जिल्हा झाला होता. “जिल्हे सुद्धां निराळे झाले, मग आम्हीं झालों तर काय बिघडलें?” असा विनोद तात्या नव्या जालन्यांत करीत, तो आमच्या कानीं येई. आजीनें एके दिवशीं तात्यांस निरोप पाठविला: “मला नारायणरावांचें गाणें ऐकावयाचें आहे. तूं तबकड्या आण, नाहीं तर यंत्र घेऊन जा. पण जो आणील त्यानें चहा घेतल्याखेरीज जाऊं नये.”

दुसऱ्या दिवशीं तात्या स्वतः पेटी डोक्यावर घेतल्यासारखी दोन्ही हातांत धरून, भिजत आले. दादांनीं कांहीं न बोलतां यंत्राची चावी फिरविली. दोघांपैकीं कोणीच माफी मागितली नाहीं आणि कोणी उपदेशही केला नाहीं. तीन मिनिटांची एक बाजू झाली कीं तात्या तबकडी उलटीत आणि दादा सुई ठेवीत. सात वर्षांच्या विसाव्यानें यंत्राचा वेग मंदावला होता. बालगंधर्वांचा आवाज मध्येंच खालीं उतरे आणि आजी हंसे. माझ्या आईनें चहा दोनदां केला. जातांना तात्यांनीं पेटी उचलली नाहीं. “पुढच्या रविवारीं येतोंच आहें, तेव्हां नेईन,” असें म्हणाले. ते पुढें पुष्कळ रविवारीं आले. पेटी त्यांनीं कधींच नेली नाहीं.

वाडे पुन्हां एक झाले नाहींत. सातबाराचे उतारेही निराळेच राहिले. पण आजी त्या पावसाळ्यानंतर चार महिनेच जगली, आणि त्या चार महिन्यांत आमच्या घरांत दर रविवारीं गाणें होतें. आतां तात्या नाहींत, दादा नाहींत. यंत्र आणि पेटी एकाच कोनाड्यांत आहेत.

ज्या घरांत आज यंत्र एकीकडे आणि तबकड्या दुसरीकडे आहेत, त्यांनीं हा लेख वाचून झाल्यावर कृपा करून दिवाळीची वाट पाहूं नये. अठ्ठ्याऐंशी दिवस म्हणजे तीन महिनेही नव्हेत.